पाच दिवसांची चावी

आमच्या कॉलेजात मुलं एकशे बासष्ट
आणि एक झुल्मिरा.
हजेरीत नाव होतं तिचं,
तरी सगळे असंच मोजायचे.

साखळीच्या बाजारात तिला पाहून
भेंडीवालीचा तराजू हवेत थांबायचा.
कंडक्टरनं विचारलं, नायजेरिया?
ती म्हणाली, मोझांबिक. इन्यांबान.
तो म्हणाला, तेच ते,
आणि सुटे मागितले.

मी ग्रंथालयातला घाडी.
पुस्तकं आठ हजार, पंखे तीन, त्यातला एक फिरतो.
परदेशी विद्यार्थी मला माहीत ते कागदांवरून:
पोलिसांचा फॉर्म चार प्रतींत,
प्रत्येकीत तोच प्रश्न, भारतात येण्याचं प्रयोजन.
ती लिहायची, इतिहास.
ऑफिसातल्या बाई ते खोडून लिहायच्या, शिक्षण.

मग चवथ आली.
मेस बंद, हॉस्टेलचे दिवे बंद,
मुली पेडण्याला, सत्तरीला, केप्याला.
प्रत्येकीनं जाताना म्हटलं, ये गं आमच्याकडे.
कुणी दिवस सांगितला नाही.

ती काउंटरपाशी उभी राहिली.
बादलीत धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नव्हते,
त्यांचा वास होता अंगाला.
पाच दिवस मी काय करू, तिनं विचारलं,
जसं एखादं पुस्तक विचारावं.

चावी माझ्या कमरेवेगळी होऊ नये असा नियम.
बावीस वर्षं झाली नव्हती.
मी ती काढून टेबलावर ठेवली.
चावी, मी म्हणालो, तिला शब्द कळावा म्हणून.
शावे, ती म्हणाली, मला कळावा म्हणून.

मग आम्ही दोघंही त्या लोखंडाकडे बघत राहिलो.

तिनं खिडकीकडे बोट केलं.
मी घरातला शब्द काढला, जनेल.
जानेला.
साबण. साबांव.
बादली. बाल्द.
बटाट्यापाशी दोघं एकदमच बोललो
आणि ती हसली, जूनपासून पहिल्यांदा,
म्हणजे मी पाहिलेलं पहिल्यांदा.

तुझ्या भाषेत आमचे किती शब्द, मी म्हणालो.
माझी नाही ती, ती म्हणाली,
माझी आजी गितोंगा बोलते.
ही आमच्याकडेही राहून गेलेली,
भाडेकरू जड सामान टाकून जातो ना, तशी.

मी रजिस्टर उगाच सरळ केलं.

थोड्या वेळानं विचारलं, आणि घर?
काझा.
शोधला मी तो आमच्या बोलण्यात,
हरवलेलं पुस्तक कपाटामागे शोधतात तसा.
पणजीत बंगल्यांच्या पाट्यांवर आहे,
पण दमून आलेला माणूस म्हणत नाही,
जातो आता काझात.
चावी उतरली बोटीतून, जनेल उतरलं,
पाव, साबण, इस्त्री,
घर तेवढं कुणी कुणाकडून घेतलं नाही.
गितोंगात काय म्हणतात?
तिनं सांगितलं.
दोनदा म्हणून पाहिलं, मला जमलं नाही.

सहाव्या दिवशी चावी जागेवर.
रजिस्टरात पाच ओळी,
आत नऊ दहा, बाहेर सहा चाळीस.
प्रयोजन: वाचन, वाचन, वाचन, वाचन.
पाचव्या दिवशी देवनागरीत, वाकड्या मात्रेचं,
जनेल.
खाली इंग्रजीत, शेजारी काहीतरी गोड तळत होते.

नेवऱ्या. आमच्याही घरी तळल्या होत्या,
देव्हाऱ्यावर माटोळी बांधली होती,
घरात बावीस माणसं.
आणि मी काय दिलं, तर चावी.
दिवस मीही सांगितला नव्हता.

खिडकीखालची दोन पुस्तकं भिजून फुगली होती.
नुकसानीच्या वहीत मी लिहिलं, पाऊस.
कारणाचा रकाना तिथं फार अरुंद आहे.